हिरवा दिवा, काळा पडदा: एका व्हीपीएस सेवेची दोन वर्षं

इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते चालतं भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर (व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या मोठ्या यंत्राचा आपल्या वाट्याचा तुकडा): ४ कोअर, ८ जीबी रॅम, महिना १,८०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खालच्या रडगाण्यातला निम्मा वाटा माझाच आहे.

वेगाबद्दल तक्रार नाही. मार्चअखेरच्या आठवड्यातही दिवाणजींचा फोन आला नाही, म्हणजे सगळं बरं चाललं होतं. सेवेची खरी ओळख पटली ती गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी रात्री.

साडेअकराला उबंटू या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट लावले, नवा कर्नल (तिचा गाभा) आला, रीबूट मारला. एरवी चाळीस सेकंदांत पिंग, म्हणजे हाक मारली की सर्व्हरची ‘ओ’, परत सुरू होतो. दहा मिनिटं झाली तरी पत्ता नाही. कंपनीच्या पॅनेलवर (सर्व्हर सांभाळायच्या वेबपानावर) मात्र हिरवा दिवा आणि ‘रनिंग’. हा दिवा एवढंच सांगतो की त्यांच्या यंत्रावर आपलं व्हर्च्युअल मशीन चालू आहे. आतली सिस्टिम उठली का आडवी पडली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नवखा माणूस त्या दिव्यावर भरवसा ठेवून फायरवॉल तपासत बसतो. मीही एकदा बसलोय.

म्हणून आधी कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा काळा पडदा, उघडला. तो ब्राउझरमध्येच उघडतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. या सेवेतली ही सगळ्यात चांगली गोष्ट. बघतो तर सर्व्हर अजून बंदच झाला नव्हता! ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ (काहीतरी बंद करायचं काम चालू आहे) ही ओळ आणि वाढत जाणारे सेकंद. बॅकअपच्या एनएफएस माउंटवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजवर, गाडी अडली होती. सगळं चालू-बंद करणारा सिस्टमडी सहसा दीड मिनिट वाट बघतो आणि पुढे जातो, पण हार्ड माउंट (उत्तर येईपर्यंत हट्ट न सोडणारा) असेल आणि पलीकडून उत्तरच येत नसेल तर तिथे तासन्‌तास ताटकळता येतं. पलीकडून उत्तर का नव्हतं? कंपनीने त्याच रात्री बॅकअप स्टोरेज देखभालीसाठी बंद ठेवलं होतं. त्याची मेल आली रविवारी दुपारी.

पॅनेलवरून सक्तीने पॉवर बंद केली, परत चालू केली. आता वेगळंच: कर्नल पॅनिक, ‘अननोन-ब्लॉक (०,०)’. म्हणजे कर्नल उठला, पण रूट डिस्क, म्हणजे सिस्टिमची मुख्य डिस्क, त्याला सापडेना आणि त्याने हात टेकले. ती शोधून देणारी इनिट्रॅमएफएस नावाची फाइल तयारच झाली नव्हती. अपडेट चालू असताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ (डिस्कवर जागा उरली नाही) अशी ओळ येऊन गेली असणार आणि मी तेव्हा चहा टाकायला गेलो होतो. ही चूक माझी. पण कंपनीच्या तयार टेम्प्लेटमध्ये (सर्व्हरच्या आयत्या साच्यात) ‘बूट’चं विभाजन, म्हणजे कर्नल ठेवायचा डिस्कचा कप्पा, अवघं ५१२ एमबीचं आहे, दोन-तीन कर्नल साठले की ते भरतं. हे त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही.

उपाय सोपा असतो: सुरुवातीला कर्नल चालू करून देणाऱ्या ग्रबच्या मेनूतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडायचा. पण यांचा कन्सोल की दाबल्यावर एखादा सेकंद उशिरा जागा होतो. एस्केप एकदा दाबलं तर मेनू निसटतो, चार वेळा दाबलं तर थेट ग्रबच्या कमांडवर जाऊन पडतो. पाचव्या फेरीला जमलं. मग लॉगिन. पासवर्डात ‘@’ आहे आणि कन्सोलचा कीबोर्ड ब्रिटिश मांडणीचा, तिथे ‘@’च्या जागी अवतरणचिन्ह उमटतं. पासवर्ड टंकताना पडद्यावर काही दिसत नाही, त्यामुळे हे कळायलाच वीस मिनिटं गेली.

मधल्या काळात कंपनीकडे तिकीट (मदतीची मागणी) टाकलं होतं. ४७ मिनिटांनी उत्तर आलं: कृपया सर्व्हर एकदा रीबूट करून पाहावा. काय बोलणार!

जुने कर्नल काढले, इनिट्रॅमएफएस नव्याने बनवली, ‘एफस्टॅब’मध्ये (जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल) बॅकअपच्या ओळीला ‘नोफेल’ जोडलं, म्हणजे ते स्टोरेज नसलं तरी सर्व्हर चालू होताना अडणार नाही. बंद होतानाच्या अडकण्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून आता रीबूटआधी तो माउंट हातानेच काढतो. पावणेदोनला पिंग सुरू झाला.

अपडेटआधी स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) घेतला होता, तो वापरायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेगळ्या मशीनवर परत उभा करून पाहिला: सहा मिनिटांत चालू. हे उत्तम. फुकटात एकच ठेवता येतो, हे कंजूषपणाचं.

पाचपैकी तीन तारे. एक तारा उशिरा आलेल्या मेलचा कापला, दुसरा त्या ५१२ एमबीचा. कन्सोलचा अर्धा कापणार होतो, पण तो नसता तर रात्रभर हिरव्या दिव्याकडे बघत बसलो असतो. वर्षाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. शेठना सांगितलंय, यंदा महिन्यामहिन्याने भरू.