ओपन सोर्स स्ट्रॅटेजी गेमसाठी म्युझिक: सीसी झिरो, बाय, बाय-एसए, जीपीएल, की कंपोजरकडून करून घ्यायचं?

गेम ओपन सोर्स असेल तर ट्रॅक कानाला कसा लागतो हे नंतर बघा, आधी हे बघा की उद्या कोणी आपला गेम फोर्क केला (कोड घेऊन स्वतःची वेगळी आवृत्ती काढली) किंवा एखाद्या लिनक्स डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार आवृत्तीने) पॅकेज केला तर त्यांना तो ट्रॅक सोबत नेता येईल का. कोडच्या बाबतीत हे आपण न सांगता तपासतो, म्युझिकच्या बाबतीत मात्र "नेटवर फ्री होतं" एवढ्यावर भागवतो आणि दोन वर्षांनी निस्तरत बसतो. आमच्या टर्न-बेस्ड गेममध्ये हेच झालं, मेन मेनूचा ट्रॅक कोणी कुठून आणला हे कोणालाच आठवेना, कमिट मेसेजमध्ये (बदलाच्या नोंदीत) नुसतं "नवीन म्युझिक", शेवटी सगळ्यांना आवडणारी ती धून काढून टाकावी लागली. फार वाईट वाटलं होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ रॉयल्टी-फ्री या शब्दाने होतो. त्याचा अर्थ दर वापरामागे पैसे द्यायचे नाहीत एवढाच, पुढे वाटायची मोकळीक त्यात नसते. स्टॉक म्युझिक साइट्सच्या अटीत बहुतेक वेळा असतंच की फाइल सुटी वाटायची नाही, आणि आपल्या रेपोमध्ये (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) तर ती ऑग ऑडिओ फाइल उघडी पडलेली असते, कोणीही उचलावी, म्हणजे तिथे पुश (अपलोड) केलं त्याच क्षणी अट मोडली. शिवाय लायसन्स विकत घेणाऱ्याच्या नावावर असतं, फोर्क करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. त्यामुळे ट्रॅक कितीही भारी असला तरी ओपन सोर्ससाठी हा पर्याय मी सरळ बाजूला ठेवेन.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या कलाकृती वाटायच्या तयार लायसन्समधले एनसी आणि एनडी पण तसेच. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही, एनडी म्हणजे बदल करून वाटायचा नाही, आणि गेममध्ये तर ट्रॅकचं टोक कापून लूप करणं हे रोजचंच काम. डेबियन ही लिनक्स डिस्ट्रो या दोन्हींना फ्री मानत नाही, आपल्या मेन विभागात घेत नाही.

मग खरी तुलना उरते सीसी झिरो, बाय आणि बाय-एसए यांची. सीसी झिरो सगळ्यात सोपं, नाव द्यायचंही बंधन नाही, प्रोटोटाइपला उत्तम. पण तेच चांगले ट्रॅक ढीगभर गेममध्ये वाजतात, आणि अपलोड करणारा खरंच मूळ कलाकार आहे का हे आपल्यालाच तपासावं लागतं. बायमध्ये श्रेय द्यायचं: ट्रॅकचं नाव, कलाकार, लिंक, लायसन्स, आणि काही बदल केला असेल तर तोही सांगायचा. ४.० आवृत्तीत एक चांगली सोय आहे, श्रेय चुकलं आणि कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर हक्क आपोआप परत मिळतात, ३.० मध्ये असं नाही. बाय-एसएमध्ये अजून एक पायरी, ट्रॅकमध्ये बदल करून वाटलात तर तोही त्याच लायसन्सखाली. मला ही अट आवडते, कारण जीपीएल या कोडसाठीच्या लायसन्समागचा विचार हाच आहे. झीरो ए.डी. या स्ट्रॅटेजी गेमचं कोडला जीपीएल आणि आर्ट-म्युझिकला बाय-एसए ३.० असं वेगवेगळं ठेवून व्यवस्थित चाललंय. एक बारकावा लक्षात ठेवा, बाय-एसए ४.० मधून जीपीएल ३ मध्ये नेता येतं (२०१५ पासून), उलट दिशेने नाही आणि ३.० ला ही सोय नाही. आणि गेम डीआरएमवाल्या (फाइलला कॉपी रोखणारं कुलूप लावणाऱ्या) स्टोअरवर टाकायचा असेल तर बाय आणि बाय-एसए दोन्हीतली डीआरएमविरोधी अट आडवी येऊ शकते, ओपनगेमआर्ट या गेम आर्ट-म्युझिकच्या साइटवर ओजीए-बाय नावाचं लायसन्स त्यासाठीच निघालं.

म्युझिकलाच जीपीएल लावायचं का? वेसनॉथ या स्ट्रॅटेजी गेममध्ये असे ट्रॅक आहेत, ओपनटीटीडी या वाहतुकीच्या गेमचा ओपनएमएसएक्स म्युझिक संच पण जीपीएल २ खाली आहे, पण तो मिडी आहे, म्हणजे वाजणारी फाइल उघडून थेट सुरावट बदलता येते, जीपीएलला सोबत लागणाऱ्या सोर्सचा (बदलता येईल अशा मूळ फाइलचा) प्रश्नच मिटला. रेकॉर्ड केलेल्या ऑर्केस्ट्रल ट्रॅकचा सोर्स म्हणजे काय मग? डीएडब्ल्यू (म्युझिक बनवायच्या सॉफ्टवेअरचं) प्रोजेक्ट दिलं तरी त्यातली सॅम्पल लायब्ररी (वाद्यांचे तयार रेकॉर्ड केलेले आवाज) बहुतेक वेळा वाटता येत नाही. म्हणून मिडीला जीपीएल ठीक, रेकॉर्डिंगला बाय-एसए बरं.

जुन्या क्लासिकल रचना घ्यायचा मोह होतो, पण रचना कॉपीराइटमुक्त असली तरी ते रेकॉर्डिंग कोणाचं तरी असतंच, त्याचं लायसन्स वेगळं बघा.

आता कानाचं. स्ट्रॅटेजी गेम माणूस तीन-तीन तास खेळतो, चार मिनिटांचा एकच ट्रॅक लूपवर ठेवला तर तो ४५ वेळा वाजणार. आमच्या एका ट्रॅकमध्ये साधारण सव्वा मिनिटावर बासरीचा एक उंच स्वर यायचा, पहिल्यांदा अंगावर काटा आला, दुसऱ्या दिवशी टेस्टिंग करणारे म्युझिकच बंद करून खेळत होते! ठळक चाल मेनूला आणि लढाईला ठेवा, नकाशावर फिरताना पसरट, हळू काहीतरी हवं आणि दोन ट्रॅकमध्ये थोडी शांतता. लूप करायचं तर एमपी३ टाळा, एन्कोडर फाइलच्या टोकांना थोडी शांतता जोडतो आणि तिथे झटका ऐकू येतो, ऑग व्हॉर्बिसमध्ये हा त्रास नाही. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी धरा, आणि फाइल बदलली तरी जुनी गिट हिस्टरीत राहतेच.

कंपोजरकडून करून घेणं महाग आणि वेळखाऊ, पण सगळा गेम एका सुरात वाटतो आणि लेयर (वाद्यांचे थर) वेगळे मिळतात, त्याला तोड नाही. फक्त ठरवतानाच लिहून घ्या: कोणतं लायसन्स, कोणती आवृत्ती, आणि ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कॉपीराइट आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकायचा नाही, नाहीतर आपला गेम स्ट्रीम करणाऱ्यांच्याच व्हिडिओवर क्लेम येतात. कंपोजर एखाद्या कॉपीराइट सोसायटीचा सभासद असेल तर हक्क आधीच तिकडे दिलेले असू शकतात, मग त्याला मनापासून द्यायचं असलं तरी सीसी लायसन्स देता येत नाही. हे आधी विचारा.

पैसे नसतील तर मी बाय किंवा बाय-एसए घेईन, तेही दहा जणांचे दहा ट्रॅक न घेता एक-दोन कलाकारांचेच, म्हणजे आवाज एकसारखा राहतो. थोडे पैसे असतील तर मेन थीम आणि नकाशाचे दोन लांब ट्रॅक बाय-एसए ४.० वर करून घ्या, बाकी लायब्ररीतून. क्रेडिट्स फाइल पहिल्या ट्रॅकपासून ठेवा, आणि तिथे नुसतं "सीसी बाय-एसए" न लिहिता आवृत्तीचा आकडा आणि डाउनलोड केल्याची तारीख टाका, साइटवरचं लायसन्स नंतर बदललेलं किंवा पानच गायब झालेलं असू शकतं, म्हणून त्या दिवशीच्या पानाची प्रतही रेपोतच ठेवा.