लातूरच्या उन्हाळ्यात मेडाका मासा: संशोधनासाठी वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या फार्मसी कॉलेजात वनस्पतींच्या अर्कांची विषारीता तपासायला दिवाळीनंतर जपानी मेडाका मासे आणले. आता पावसाळा तोंडावर आलाय. हिवाळा आणि मराठवाड्याचा अख्खा उन्हाळा या माशांनी आमच्याकडे काढला. ज्यांच्याकडे चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नाही, विजेचा भरवसा नाही आणि पाणी जपून वापरावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिला विचार अर्थातच झेब्राफिशचा, म्हणजे प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या छोट्या पट्टेरी माशाचा होता. तो मूळचा आपल्याच भागातला आणि त्याच्यावर काम अफाट झालंय. पण मोठ्या संख्येनं नीट ठेवायचा तर २८ अंशांच्या आसपासचं, सतत गाळून फिरणारं पाणी देणारी रॅक लागते. ती आमच्या आवाक्याबाहेर होती. मेडाका भातखाचरांतला मासा, संथ पाण्यात खुशाल राहतो. साध्या काचेच्या टाक्या, एअर पंप आणि रोज थोडं पाणी बदलणं एवढ्यावर भागतं. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे ही बाब छोटी नाही.

रोजच्या कामात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अंडी. टायमरवर १४ तास उजेड ठेवला की मादी जवळपास रोज, दिवे लागल्यावर थोड्याच वेळात अंडी घालते. ती लगेच खाली पडत नाहीत, बारीक तंतूंनी तिच्या पोटाखाली घोस लटकलेला असतो. तो अलगद काढून ओल्या फिल्टर पेपरवर बोटानं हलकेच फिरवला की तंतू सुटतात आणि जेमतेम सव्वा मिलिमीटरचं एकेक अंडं मोकळं होतं. कवच पारदर्शक. तिसऱ्या दिवशी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली हृदयाचे ठोके मोजता येतात, बलकावरून वाहणारं रक्त दिसतं. अर्कानं ठोके मंदावले की विद्यार्थ्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. १९९४ साली कोलंबिया यानातून याच जातीचे मासे अंतराळात गेले, तिथे त्यांनी अंडी घातली आणि पिल्लंही निघाली, हे सांगितलं की मुलं आणखी वाकून बघतात.

आता उष्णतेबद्दल. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी दुपारी ३४-३५ अंशांवर जायचं. मोठे मासे तगले. पण तगणं वेगळं आणि प्रयोगाला योग्य असणं वेगळं, हे मला ठासून सांगायचंय. त्या दिवसांत अंडी कमी झाली. शिवाय २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तो ३५ अंशांना ७ च्या आत येतो. म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे.

खरी मेख पिल्लांची. मेडाकाचं लिंग जनुकानं ठरतं. वाय गुणसूत्रावरचं, नर घडवणारं ते डीएमवाय जनुक २००२ साली सापडलं. तरीही अंड्यापासून ३२ ते ३४ अंशांत वाढवलं तर जनुकांनी मादी असलेली काही पिल्लं नर होतात, कारण उष्णतेच्या ताणानं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. पाठीच्या पराला नराची खूण असलेली खाच दिसते, नर म्हणून नोंद होते, आणि पीसीआरमध्ये (जनुक आहे का ते तपासणाऱ्या चाचणीत) डीएमवाय सापडत नाही. हार्मोनवर परिणाम करणारी औषधं तपासणाऱ्यानं हे ध्यानात घेतलं नाही, तर उन्हाचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होईल. आम्ही अंडी आणि पिल्लं २६ अंशांच्या बीओडी इनक्युबेटरमध्येच (तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात) ठेवतो आणि वीज गेली की तापमान वहीत लिहितो.

उणिवाही आहेत. झेब्राफिशची मादी एका वेळी शेकड्यानं अंडी देते, ही रोज दहा-वीस. कवच चिवट, त्यामुळे सूक्ष्म सुईनं टोचणं अवघड. झेब्राफिशचं जखमी हृदय पुन्हा वाढतं, मेडाकाचं वाढत नाही, तिथे व्रण राहतो. माणसाच्या हृदयातही तसंच होतं, त्यामुळे हृदयावर काम करणाऱ्यांनी दोन्ही मासे शेजारी ठेवून बघावेत असं मला वाटतं. मत्स्यालयाच्या दुकानातले रंगीत मेडाका दिसायला सुंदर, पण त्यांची वंशावळ माहीत नसते. शिकवायला चालतील, जनुकांच्या कामाला मुळीच नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यांना माझा सल्ला: संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, चिलरचा विचार सोडा, आणि ते पैसे चांगल्या इनक्युबेटरवर आणि त्याच्या बॅटरी बॅकअपवर घाला.