बेलेम, लिस्बन: टॉवर राहिला तरी चालेल, पण चर्च चुकवू नका

लिस्बनच्या ट्रिपमधला एक अख्खा दिवस मी नि ताईने बेलेमला दिला आणि आता परत आल्यावर सगळ्यात जास्त तोच दिवस आठवतोय. शाळेत "१४९८, वास्को द गामा, कालिकत" पाठ केलं होतं, पण तो निघाला कुठून हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तो निघाला इथून, तेजो नदीच्या या काठावरून, जुलै १४९७ मध्ये.

जायला सोपं आहे, कैश दो सोद्रे स्टेशनवरून कश्काइश लाइनची ट्रेन घ्यायची, फक्त बेलेमला थांबते ना ते बघून चढा. १५ई ट्राम पण जाते पण तिला गर्दी फार.

जेरोनिमोस मठाला मी पाचपैकी पाच देईन. राजा मॅन्युएल पहिला याने १५०१ च्या सुमारास काम सुरू केलं आणि पुरं व्हायला जवळपास शंभर वर्षं लागली. पैसा आला पूर्वेकडच्या व्यापारावरच्या ५ टक्के करातून, म्हणजे मुख्यतः मसाल्यांतून. हे वाचल्यावर मी त्या भिंतींकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले, आपल्याकडच्या मिरीने बांधलंय हे! आतल्या चौकाभोवतीच्या दुमजली कमानींवर दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, पानंफुलं, एकसारख्या दोन कमानी शोधत बसलो तर सापडेनात. तिकीट या भागाचं आहे, चर्च फ्री. आणि चर्चमध्ये शिरल्यावर डावीकडेच वास्को द गामाची कबर, त्यावर जहाज कोरलेलं. तो गेला १५२४ मध्ये कोचीत, आधी पुरला पण तिथेच, नंतर अवशेष पोर्तुगालला आणले. ताई कोचीला जाऊन आलीये, तिथली ती रिकामी जागा तिने बघितलीये, ती बराच वेळ काही न बोलता उभी होती. समोरच्या बाजूला पोर्तुगीज कवी कामोंइशची कबर. वर बघायला विसरू नका, खांब माडासारखे वर जाऊन फुटलेत.

नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक १९६० चं, भव्य आहे, पण मला ते नुसतं अभिमानाचं वाटलं, ज्यांच्या किनाऱ्यांवर ही जहाजं लागली त्यांचं काय झालं हे तिथे कुठेच जाणवत नाही. खाली फरशीवर ५० मीटर व्यासाचं होकायंत्राचं चक्र आणि जगाचा नकाशा आहे, तो मात्र छान, आम्ही त्यावर चालत चालत भारत शोधला.

बेलेमचा टॉवर, म्हणजे नदीकाठचा जुना किल्लेवजा मनोरा, बाहेरूनच बघा, आत जिना एकच आणि अरुंद, रांग लांब. पण एका बुरुजाच्या तळाशी कोरलेला गेंडा नक्की शोधा, झिजलाय बिचारा. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने दिलेला खरा गेंडा जहाजाने लिस्बनला आला होता, पुढच्या वर्षी पोपकडे पाठवताना समुद्रात बुडून मेला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पास्तेइश द बेलेम ही बेकरी १८३७ पासून चालू आहे. बाहेर पार्सलची रांग बघून घाबरू नका, आत बसायला खूप खोल्या आहेत, निळ्या टाइल्सच्या. पास्तेल (इथला कस्टर्ड टार्ट) गरमच खा, वरून दालचिनी भुरभुरून. आम्ही दोघींनी सहा संपवले आणि निघताना अजून चार घेतले.

सोमवारी मठ बंद असतो, तो दिवस सोडून जा आणि सकाळी उघडतानाच पोचा.