मायक्रोटिक हेक्स: टॅलीवाल्या ऑफिसच्या दारावरचा राउटर

दहा-बारा कॉम्प्युटर, कोपऱ्यात टॅलीचा सर्व्हर, भिंतीवर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), एक प्रिंटर आणि फायबरवाल्याने लाइनबरोबर फुकट दिलेला पांढरा डबा. कर सल्लागार असोत, औषधांचे होलसेलर असोत की ट्रान्सपोर्टवाले, चित्र थोड्याफार फरकाने हेच. आणि त्या पांढऱ्या डब्यात बहुतेक वेळा एक पोर्ट (आत येण्याचा क्रमांकाचा दरवाजा) फॉरवर्ड केलेला, म्हणजे बाहेरून थेट सर्व्हरकडे वळवलेला, असतो: रिमोट डेस्कटॉपचा ३३८९. मालकांना रात्री घरून टॅलीत डोकवायचं असतं, हार्डवेअरवाला दोन मिनिटांत रिमोट डेस्कटॉप बाहेर उघडून देतो, आणि तेव्हापासून जगातला कुठलाही स्कॅनर त्या सर्व्हरच्या लॉगिन स्क्रीनवर येऊन पासवर्ड घासत बसतो. पोर्ट बदलून ३३९० केला तरी उपयोग नाही. स्कॅनर सगळे पोर्ट चाचपतात आणि आलेल्या उत्तरावरून पलीकडे काय आहे ते ओळखतात. टॅलीच्या डेटा फोल्डरपर्यंत रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पोहोचण्याची ही मळलेली वाट आहे.

मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राउटर घ्यायचा तो ही वाट बुजवण्यासाठी. दुकानदार साधारण पाच-सहा हजारांच्या आसपास देतात, वार्षिक लायसन्सची भानगड नाही. फक्त एक अट आहे: तो नीट लावणारा माणूस हवा. डबा चांगलाच आहे; बिघडतं ते जवळजवळ सगळं लावण्यात.

आधी दुकानात होणारा घोळ. ‘हेक्स’ या एकाच नावाने दोन वेगळे डबे विकले जातात. जुन्याचा मॉडेल नंबर आरबी७५०जीआर३: ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा एमटी७६२१ए प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि फक्त १६ एमबी फ्लॅश. नवा २०२४ मध्ये आला, त्याचा नंबर ई५०यूजी: एआरएम प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, १२८ एमबी स्टोरेज. दोघांनाही पाच गिगाबिट पोर्ट आहेत आणि दोघांतही वायफाय नाही. ॲक्सेस पॉइंट वेगळा घ्यावा लागतो, आणि ते बरंच आहे. राउटर कपाटात राहतो, वायफाय छताला. किमतीत फारसा फरक नसेल तर डोळे झाकून नवा घ्या. जुन्याची १६ एमबी फ्लॅश राउटरओएसच्या (मायक्रोटिकच्या राउटरांचं सॉफ्टवेअर) सातव्या आवृत्तीने इतकी भरते की अपडेटच्या वेळी ‘जागा नाही’ असा संदेश येतो, मग साठवलेल्या बॅकअप फाइली बाहेर काढून जागा करावी लागते. शिवाय मायक्रोटिकची ‘बॅक टू होम’ ही बाहेरून जोडण्याची सोय जुन्या डब्यात चालतच नाही. तिचं महत्त्व पुढे कळेल.

डबा लावताना पहिलं काम फायबरवाल्याशी बोलायचं: ओएनटी (तो पांढरा डबा) ब्रिज मोडवर, म्हणजे लाइन नुसती पुढे देण्यावर, टाकून द्या, पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम-पासवर्ड हेक्समध्ये भरू. ब्रिज केलं नाही तर दोनदा नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणं) होतं आणि बाहेरून आत येणारी व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित बोगदा) अडते.

आता ती जागा, जिथे निम्मे हेक्स चुकतात. कंपनीकडून येणारं मूळ कॉन्फिगरेशन चांगलं आहे. त्यात ‘वॅन’ (बाहेरची बाजू) आणि ‘लॅन’ (ऑफिसची आतली बाजू) अशा दोन इंटरफेस लिस्ट, म्हणजे जोडण्यांच्या याद्या, असतात, महत्त्वाचे फायरवॉल रूल या लिस्टांवर चालतात, आणि वॅन लिस्टमध्ये सुरुवातीला फक्त पहिला पोर्ट असतो. तंत्रज्ञ पीपीपीओई इंटरफेस हाताने बनवतो, डायल होतं, आयपी मिळतो, पण इंटरनेट चालत नाही. कारण मास्करेडचा (नॅट करणारा) रूल म्हणतो ‘वॅन लिस्टमधून बाहेर जाणारं’, आणि नवा इंटरफेस त्या लिस्टमध्ये नाही. उपाय एका ओळीचा आहे: इंटरफेस लिस्टमध्ये जाऊन पीपीपीओई-आउट१ वॅनमध्ये घाला. होतं काय, तर तंत्रज्ञ लिस्टची अट काढून सरसकट मास्करेड लावतो. इंटरनेट धावायला लागतं, सगळे खूश. पण बाहेरून आलेलं आणि मुद्दाम फॉरवर्ड न केलेलं अडवणारा रूलही त्याच वॅन लिस्टवर बेतलेला असतो. तो आता पीपीपीओईवरून येणाऱ्या कशालाच लागू होत नाही.

याहून वाईट म्हणजे ‘मला माझं स्वच्छ कॉन्फिगरेशन लागतं’ म्हणत मूळ रूल पुसणारे. मग डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बाहेरच्या विनंत्या स्वीकारण्याची खूण तशीच राहते, फायरवॉल नसते, आणि राउटर साऱ्या जगाला डीएनएसची उत्तरं देत बसतो. दुसऱ्यांवर हल्ले करणारे असेच राउटर शोधत असतात. लक्षण ओळखू येतं: ऑफिसात कोणी नसताना अपलोड भरलेला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर.

त्यानंतर आयपी सर्व्हिसेसच्या पानावर टेलनेट, एफटीपी, वेब आणि दोन्ही एपीआय हे राउटरमध्ये शिरण्याचे मार्ग बंद करा. विनबॉक्स (राउटर सांभाळायचा मायक्रोटिकचा प्रोग्राम) आणि एसएसएच (कमांड लिहून राउटर चालवायची जोडणी) फक्त ऑफिसच्या आतल्या पत्त्यांना उघडे ठेवा. ‘ॲडमिन’ नाव वापरू नका, नवा युजर बनवून जुना बंद करा. हे सांगण्यामागे इतिहास आहे. २०१८ मध्ये विनबॉक्सच्या ८२९१ पोर्टमध्ये अशी फट सापडली की लॉगिन न करता राउटरमधली पासवर्डची फाइल वाचता यायची. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती काढली. अपडेट न केलेल्या हजारो राउटरांमार्फत नंतर कित्येक महिने लोकांच्या ब्राउझरमध्ये कॉइनहाइव्हची (परस्पर क्रिप्टो नाणी काढणारी स्क्रिप्ट) मायनिंग चालली. गंमत अशी की काहींनी अपडेट केलं, पण पासवर्ड बदलला नाही, आणि तो तर आधीच चोरांच्या हातात होता. २०२१ मध्ये मेरिस नावाच्या बॉटनेटने (चोरांच्या ताब्यातल्या उपकरणांची फौज) मोठे हल्ले केले, तेव्हा कंपनीने सांगितलं की त्यातले राउटर २०१८ मध्येच फोडलेले होते.

अपडेटबद्दल एक बारकावा: पॅकेजेसमधून राउटरओएस अपडेट झालं की काम संपत नाही. सिस्टिममध्ये राउटरबोर्ड या पानावर जाऊन फर्मवेअरही अपग्रेड करायचं आणि पुन्हा रीबूट करायचं. हे दुसरं पाऊल विसरलेले डबे सर्रास दिसतात.

मालकांना घरून टॅली देण्यासाठी हेक्समध्ये वायरगार्ड ही व्हीपीएन आहे. राउटरवर इंटरफेस बनवा, मूळ पोर्ट यूडीपी १३२३१, पत्ता समजा १०.१०.१०.१. प्रत्येक माणसाला, खरं तर प्रत्येक उपकरणाला, स्वतंत्र किल्ली आणि स्वतंत्र पत्ता द्या: १०.१०.१०.२/३२, १०.१०.१०.३/३२ असे (/३२ म्हणजे फक्त तो एकच पत्ता). एकच किल्ली दोघांना दिली तर एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं बंद पडतं, आणि ‘व्हीपीएन मधूनमधून जाते’ अशी तक्रार येते. इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरकडे येणाऱ्या गोष्टींचे रूल) यूडीपी १३२३१ स्वीकारणारा रूल शेवटच्या ड्रॉप, म्हणजे अडवणाऱ्या, रूलच्या वर ओढून ठेवा. खाली राहिला तर कधीच लागत नाही. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.० वर असू देऊ नका, कारण मालकांच्या घरचा राउटरही बहुधा त्याच पत्त्यांवर असतो. मग व्हीपीएन जोडलेली दिसते पण सर्व्हर पिंगला (उत्तर येतं का बघणारी हाक) उत्तर देत नाही, कारण लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधतो.

इथे थांबू नका. मूळ रूलप्रमाणे व्हीपीएनवरून आलेला माणूस आतल्या सगळ्या यंत्रांपर्यंत पोहोचू शकतो. फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून पुढे जाणाऱ्या गोष्टींचे रूल) दोन ओळी घाला: वायरगार्डकडून फक्त टॅली सर्व्हरच्या ३३८९ ला परवानगी, त्याखाली वायरगार्डकडून बाकी सगळं ड्रॉप. मग पांढऱ्या डब्यात होता तसला पोर्ट फॉरवर्ड इथे मुळीच करू नका. कोणाचा लॅपटॉप हरवला तर त्याचा पीअर (वायरगार्डमधली त्याची नोंद) तेवढा बंद करायचा. बाकीच्यांना धक्का लागत नाही.

एक अडचण राहते. अनेक फायबर कंपन्या खरा सार्वजनिक आयपी देतच नाहीत. पीपीपीओईला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं) मागे आहात आणि बाहेरून वायरगार्ड पोहोचणार नाही. एक तर जादा पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या, किंवा नव्या हेक्समधलं बॅक टू होम वापरा, जे थेट वाट मिळाली नाही तर मायक्रोटिकच्या रिलेमार्गे (मधल्या सर्व्हरमार्गे) जोडतं. व्यवसायाला स्टॅटिक आयपीच बरा. रिलेवरचा वेग आपल्या हातात नसतो.

दोन लाइन ठेवायच्या असतील तर हेक्स ते काम चोख करतो, पण सरळ पद्धतीने नाही. दोन लाइनच्या रूटना डिस्टन्स (पसंतीक्रम, लहान आकडा आधी) १ आणि २ देऊन ‘चेक गेटवे: पिंग’ लावलं की लोकांना वाटतं झालं. ते पिंग फक्त फायबरवाल्याच्या शेजारच्या यंत्रापर्यंत जातं. फायबर पुढे कुठे तुटली तर ते यंत्र मजेत उत्तर देत राहतं आणि राउटर मेलेल्या लाइनला चिकटून बसतो. म्हणून रिकर्सिव्ह रूट करा, म्हणजे दूरच्या पत्त्याला पिंग करून लाइन तपासा: ८.८.८.८/३२ (गूगलचा डीएनएस) चा रूट पहिल्या लाइनमधून, स्कोप १०. मुख्य डिफॉल्ट रूटचा गेटवे ८.८.८.८, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग, डिस्टन्स १. दुसरी लाइन डिस्टन्स २. पीपीपीओईतली ‘ॲड डिफॉल्ट रूट’ची खूण काढायला विसरू नका. पिंग दर दहा सेकंदांनी जातं आणि दोनदा चुकलं की लाइन बदलते, म्हणजे वीसेक सेकंद. ८.८.८.८ आता पहिल्या लाइनला बांधलेला आहे, तेव्हा डीएनएससाठी तोच ठेवलात तर लाइन बदलूनही साइट उघडणार नाहीत. तिथे १.१.१.१ किंवा ९.९.९.९ द्या.

डीव्हीआर आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) टाका. ब्रिजवर (इथे हेक्सचे आतले पोर्ट एकत्र जोडणारा भाग) व्हीलॅन फिल्टरिंगची खूण सगळ्यात शेवटी करायची, आणि तीही सेफ मोड दाबून. मांडणी चुकून तुम्ही बाहेर फेकले गेलात तर सेफ मोड केलेले बदल आपोआप मागे घेतो.

कर्मचाऱ्यांचा वेग मर्यादित करायला सिंपल क्यू लावली आणि काहीच फरक पडला नाही, तर फास्टट्रॅकचा (पॅकेटं झटपट पुढे काढणारा) रूल बघा. त्यातून जाणारी पॅकेटं क्यूला वळसा घालून जातात. तो बंद केला की क्यू लागते, पण प्रोसेसरवर भार वाढतो.

लॉगची (घडामोडींच्या नोंदींची) बाजू मात्र लंगडी आहे. राउटर मेमरीत हजारच ओळी ठेवतो आणि वीज गेली की त्याही जातात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचं आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. लघुउद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत होती. म्हणून लॉग एखाद्या जुन्या पीसीवरच्या सिसलॉग (नोंदी जमा करणाऱ्या) सर्व्हरला यूडीपी ५१४ वर पाठवा आणि एनटीपी क्लायंट (घड्याळ जुळवणारी सोय) चालू करा.

हेक्स जे करत नाही तेही ऐका. डाउनलोड होणाऱ्या फाइलीतला व्हायरस तो तपासत नाही, ईमेलमधलं ‘जीएसटी नोटीस’ नावाचं खोटं अटॅचमेंट अडवत नाही. साइटची वर्गवार बंदी हवी असेल तर लायसन्सवाला यूटीएम (व्हायरस आणि साइट तपासणारा फायरवॉल डबा) घ्यावा लागेल आणि दरवर्षी पैसे मोजावे लागतील. गावात मायक्रोटिक जाणणारा कोणी नसेल तर टीपी-लिंकचा ईआर६०५ घ्या. तो एवढा लवचिक नाही, पण त्याची पानं समजायला सोपी आहेत आणि तो चुकीचा लावणं जरा अवघड आहे.

राउटरबरोबर ओएनटीलाही यूपीएसवर घ्या; नुसता राउटर चालू राहून लाइन येत नाही. अडॅप्टर बदलताना व्होल्टेज डब्याच्या लेबलवरून वाचा, हाताला लागला तो खुपसू नका.

बॅकअप दोन प्रकारचा घ्या. ‘बॅकअप’ची फाइल त्याच मॉडेलच्या डब्यावर परत चढवायला बरी. वेगळ्या मॉडेलसाठी ‘एक्स्पोर्ट’ची मजकूर फाइल लागते, आणि सातव्या आवृत्तीत तिच्यात पासवर्ड व किल्ल्या लपवलेल्या असतात; ‘शो-सेन्सिटिव्ह’ जोडल्याशिवाय घेतलीत तर नव्या डब्यावर पीपीपीओईचा पासवर्ड आणि वायरगार्डची किल्ली पुन्हा शोधत बसाल. ती फाइल पेनड्राइव्हवर काढून तिजोरीत ठेवा, टॅली सर्व्हरच्या डेस्कटॉपवर नको. आणि डब्याच्या तळाशी असलेल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा: नवीन डब्यांचा सुरुवातीचा पासवर्ड तिथेच छापलेला असतो, रीसेट केल्यावर तोच लागतो.