कोऱ्या डीव्हीडी आणि घरचे जुने प्लेअर : सात महिन्यांच्या वापरानंतर

घरी लिहिलेली डीव्हीडी घातल्यावर प्लेअरने 'नो डिस्क' दाखवलं की दुकानात निदान तयार असतं : लेन्स गेली. झाकण उघडायच्या आधीच ती गेलेली असते. २००१ च्या सुमाराच्या एका प्लेअरबद्दलही हेच ऐकवलं गेलं आणि लेन्सचा सांगितलेला खर्च त्या प्लेअरच्या आजच्या भंगारभावापेक्षा जास्त होता. विकतची छापील डीव्हीडी मात्र त्याच प्लेअरमध्ये बिनतक्रार चालत होती. लेन्स गेली असेल तर ती कशी चालते, याचं उत्तर काउंटरपलीकडून आलं नाही. आज त्याच लेन्सवर, एकही स्क्रू न फिरवता, घरी लिहिलेल्या डिस्क चालतात. खर्च म्हणजे एका कटिंगच्या भावाची एक डिस्क वाया.

हा अनुभव कोऱ्या डिस्कच्या ५० च्या दोन केकबॉक्सचा (दांडीवर रचलेल्या डिस्कच्या डब्यांचा) आहे, एक १६एक्स डीव्हीडी मायनस आर आणि एक १६एक्स डीव्हीडी प्लस आर (दोन्ही एकदाच लिहिता येणाऱ्या; एक्स म्हणजे मूळ वेगाच्या किती पट), शिवाय पुसून परत लिहिता येणाऱ्या प्लस आरडब्ल्यूच्या काही डिस्क. लिहायला डेस्कटॉपमधला जुना साटा रायटर आणि यूएसबीवर चालणारा एक चपटा रायटर. चालवून बघायला वरचा २००१ चा प्लेअर, डिव्हएक्सचं (संगणकावरच्या व्हिडिओ फाइलींच्या एका जुन्या जातीचं) लेबल असलेला एक, पुढे यूएसबीचं भोक असलेला अलीकडचा छोटा प्लेअर आणि एक होम थिएटर. मजकूर म्हणजे व्हीएचएसवरून उतरवलेली लग्नं, मुंजी, कीर्तनं. पेनड्राइव्हवर का नाही, असं कोणी विचारेल म्हणून आधीच : या पिढीतले बहुतेक प्लेअर यूएसबीवर डिव्हएक्स-एक्सव्हिड जातीच्याच फाइली घेतात, मोबाइलची एच.२६४ नाही, आणि २००१ च्या प्लेअरला यूएसबीच नाही.

बाजारातला जुना सल्ला असा : मायनस घ्या, सगळीकडे चालते, प्लसच्या नादाला लागू नका. त्यामागे कारण आहे. मायनस आर पायोनियरने १९९७ मध्ये आणली, डीव्हीडी फोरमच्या छत्राखाली. प्लस आर २००२ मध्ये आली, फिलिप्स, सोनी, एचपी, रिको वगैरेंच्या वेगळ्या चुलीवर. म्हणजे २००१ मध्ये बनलेल्या प्लेअरने प्लस आरचं नावच ऐकलेलं नव्हतं. इथपर्यंत सल्ला बरोबर. पण पहिल्या महिन्यात आमच्या मायनस आर त्या प्लेअरमध्ये निम्म्याच वेळा उचलल्या गेल्या. दोनतीनदा ट्रे आतबाहेर केला की कधी लागायची, कधी नाही.

आता मुद्द्याचं. परावर्तन बघितलं तर छापील एकपदरी डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते आणि चांगली लिहिलेली प्लस आर, मायनस आर दोन्ही त्याच पट्ट्यात बसतात. वाचणाऱ्या ६५० नॅनोमीटरच्या लेझरला प्लस-मायनस कळायचं कारणच नाही. फरक पडतो तो पाटीमुळे. डिस्कच्या आतल्या कडेला, लीड-इनमध्ये, चार बिट्स असतात. त्यांना बुक टाइप म्हणतात. छापील डीव्हीडी-रॉमसाठी ००००, मायनस आरसाठी ००१०, प्लस आरसाठी १०१०. प्लेअर डिस्क फिरवतो, फोकस धरतो, ही पाटी वाचतो आणि मग ठरवतो. ज्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रोग्राममध्ये, १०१० ओळखायची सोयच नाही, तो पुढचं न वाचता हात वर करतो. पडद्यावर 'नो डिस्क', आणि दुकानात 'लेन्स'.

मायनस आरवर ही पाटी कारखान्यातूनच कोरून येते, ती बदलता येत नाही. प्लस आरवर मात्र रायटर ती लिहितानाच टाकतो, त्यामुळे १०१० ऐवजी ०००० टाकायला सांगता येतं. सांगितलं की प्लेअरच्या लेखी ती दुकानातली छापील डीव्हीडी. याला बिटसेटिंग म्हणतात. ज्या प्लसला वीस वर्षं लोकांनी नावं ठेवली, तीच २००१ च्या प्लेअरमध्ये पहिल्या फटक्यात लागते, आणि हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नाही. चार बिट्ससाठी एवढं चिडायचं नसतं, हे मान्य. पण लेन्सचं कोटेशन हातात असलं की चिडायला होतं.

करायचं असं. इमगबर्न या डिस्क लिहायच्या विंडोज प्रोग्राममध्ये राइट मोडला जा, खाली उजवीकडे छोट्या पुस्तकाचं बटण आहे ते दाबा. खिडकीत रायटर बनवणाऱ्यांच्या नावांचे टॅब असतात. रायटरच्या तोंडावर छापलेलं नाव नव्हे, तो मुळात ज्याने बनवला त्याचा टॅब निवडा, कारण एकाचा माल दुसऱ्याच्या नावाने विकणं या धंद्यात सर्रास चालतं. चुकीच्या टॅबने फार तर एरर येते. 'डीव्हीडी प्लस आरसाठी' आणि नवी किंमत 'डीव्हीडी-रॉम' असं निवडून 'चेंज' दाबा. काही रायटर हे कायमचं लक्षात ठेवतात, काही संगणक बंद केला की विसरतात. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला बघून घ्या. लिहून झाल्यावर डिस्क बाहेर काढून परत घाला आणि उजवीकडच्या माहितीत बुक टाइपपुढे डीव्हीडी-रॉम आहे ना ते तपासा. प्लस आरवर ही संधी एकदाच, लिहिण्याआधी. प्लस आरडब्ल्यूची पाटी नंतरही बदलता येते. लिनक्सवाल्यांना डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू टूल्समध्ये यासाठी वेगळी आज्ञा आहे.

यूएसबीच्या चपट्या रायटरने हे सेटिंग नाकारलं. तो नुसत्या प्लस आर लिहितो, १०१० टाकून, आणि त्या जुन्या प्लेअरसाठी निरुपयोगी. शिवाय सुरुवातीला मोटर फिरताना त्याला यूएसबी २.० च्या ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त लागतं. लॅपटॉपच्या एकाच पोर्टवर दोन डिस्क लिहिताना मध्येच बिघडल्या. दोन तोंडांची केबल लावल्यावर ते थांबलं. ज्यांच्याकडे जुन्या डेस्कटॉपचा रायटर पडून आहे त्यांनी तो भंगारात देऊ नये.

पहिल्या तीन महिन्यांनंतरचं मत एवढंच होतं : प्लस घ्या, बिटसेट करा, विषय संपला. ते आता निम्मं मागे घ्यावं लागतंय. चौथ्या महिन्यात दोन तासांच्या डिस्क शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत अडकू लागल्या, चौकोन चौकोन होऊन थांबायच्या, आणि तेही नव्या छोट्या प्लेअरमध्ये, ज्याला पाटीशी काही देणंघेणं नाही. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. शेवटची वीस मिनिटं म्हणजे बाहेरची कडा. लिहिताना तिथे वेग सगळ्यात जास्त, ज्यावर लेझर लिहितो तो रंगाचा थर सर्वांत बेभरवशाचा आणि डिस्क किंचित जरी वाकलेली असली तरी तिरकसपणाही तिथेच जाणवतो. १६एक्सला डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून जास्त फेरे घेते. ८एक्सच्या मानाने वेळ वाचतो तो फक्त तीनेक मिनिटं. ८एक्सला पूर्ण डिस्क आठ-नऊ मिनिटांत होते आणि त्याच केकबॉक्समधल्या ८एक्सला लिहिलेल्या डिस्क शेवटपर्यंत चालल्या. 'जितकं हळू तितकं चांगलं' हेही खरं नाही. १६एक्सच्या डिस्कचा रंग जास्त वेगासाठी बेतलेला असतो. २एक्सला, रायटरने तो वेग दिलाच तर, निकाल बिघडतो. ८एक्स, नाहीतर ६एक्स.

दुसरी गोष्ट, काठोकाठ भरू नका. प्लस आरवर ४,७०,०३,७२,९९२ बाइट मावतात, मायनसवर ४,७०,७३,१९,८०८. म्हणजे मायनससाठी ठासून बनवलेली इमेज (अख्ख्या डिस्कची एक फाइल) प्लसवर बसेलच असं नाही. फरक सुमारे ७० लाख बाइटचा. आमचा नियम ४.३ अब्ज बाइटला थांबायचं, कडेची दोनेक मिलिमीटर मोकळी. त्या हिशेबाने आवाजाचा बिटरेट १९२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) धरून, दोन तासांना व्हिडिओ ४,५०० केबीपीएस, दीड तासाला ६,०००. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबायचंच असेल तर २,९०० वर चित्राचे पिक्सेल ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय ५७६ करा. तेही डीव्हीडीच्या नियमांत बसतं आणि व्हीएचएसमध्ये मुळात त्याहून जास्त तपशील नसतोच.

सरासरीपेक्षा कमाल बिटरेट जास्त घात करतो. डीव्हीडीच्या नियमांनी व्हिडिओला ९,८०० केबीपीएसपर्यंत मुभा आहे. पण १एक्सला प्लेअरचं वाचन ११,०८० केबीपीएस. खराब जागा आली आणि प्लेअरने परत वाचायचा प्रयत्न केला, की एवढ्याशा फरकात बफर (पुढचं वाचून ठेवलेला साठा) रिकामा होतो. व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेग प्रोग्रामचं तयार 'पाल-डीव्हीडी' टार्गेट कमाल ९,००० धरतं. ती ७,५०० वर आणा. वरातीत फुलबाज्या उडताना चित्र अडकतं आणि मंगलाष्टकं शांतपणे पार पडतात, याचं कारण हेच. आवाज ४८ किलोहर्ट्झचाच हवा. ४४.१ चा तसाच राहिला तर एखादा प्लेअर मुकाट चालवतो, दुसरा चित्र दाखवून गप्प बसतो.

तेव्हा डिस्क कुठे अडते ते आधी बघावं. घातल्यावर पंधरा सेकंदांत नकार आला तर पाटी, फायनलाइज न केलेली (लिहून झाल्यावर बंद न केलेली) डिस्क किंवा कमी परावर्तन. शेवटाकडे अडकली तर वेग किंवा काठोकाठ भरणं. कुठेही, पण गडबडीच्या दृश्यांतच अडकली तर बिटरेट. बिटसेटिंगने फक्त पहिल्याचा काही भाग सुटतो, हे लिहायला जड जातं, पण तसं आहे.

फोल्डरचंही बघा. डिस्कवरच्या व्हिडिओ टीएस या फाइलींच्या फोल्डरशेजारी रिकामं ऑडिओ टीएस फोल्डर नसेल तर काही जुने प्लेअर रुसतात. आयएफओ (कुठे काय आहे ते सांगणारी फाइल) आणि तिची प्रत बीयूपी एकाच ३२ केबीच्या ठोकळ्यात यायला नकोत, एका चऱ्यात दोन्ही जातात. इमगबर्न ती जागा सोडतं, सोडू द्या. एखादी छोटी क्लिप एकटीच लिहिली तर लिहिलेला भाग आतल्या कडेपुरता राहतो आणि जुना प्लेअर चाचपडतो. निदान १ जीबी तरी भरा, हवं तर तेच कीर्तन दोनदा.

आरडब्ल्यूबद्दल थोडक्यात : परावर्तन १८ ते ३० टक्के, म्हणजे दोनपदरी डीव्हीडीइतकं. जुना प्लेअर तिला दोनपदरी समजून दुसरा पदर शोधत बसतो. मेनू नीट चालतो का एवढं नव्या प्लेअरवर बघायला ठीक. आरडब्ल्यू लागली नाही म्हणून प्लस आरही लागणार नाही, असं समजू नका.

केकबॉक्सवरच्या नावाला फार किंमत देऊ नये. डिस्कमध्ये बनवणाऱ्याचा कोड असतो, इमगबर्न तो दाखवतं. एमबीआयने सुरू होणारा मोझर बेअर या भारतीय कंपनीचा. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, त्यामुळे आज मिळणारा तो माल जुना साठा. जपानच्या तैयो युदेनने २०१५ अखेर उत्पादन थांबवलं. व्हर्बॅटिमचा धंदा २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीने घेतला. एकाच नावाचे दोन खोके दोन कारखान्यांतले असू शकतात. एक आवडला म्हणून डोळे मिटून दुसरा घेऊ नका; आधी कोड बघा, एक लिहा, शेवटची दहा मिनिटं चालवा.

आणि लेन्स खरंच जाते कधी? छापील डीव्हीडीही अडखळू लागली तर. सीडी चालते म्हणून लेन्स ठीक, हा युक्तिवाद चालत नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, वेगळा. आधी भिंगावरची धूळ कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दाब न देता, पुसून बघा. बदलायचीच असेल तर पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिकअपवरचा (लेन्स आणि लेझर असलेल्या सुट्या भागावरचा) नंबर दाखवून तोच मागा. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी कथलाचा एक थेंब टाकून दोन टोकं जोडलेली असतात. केबल लावल्यावर तो थेंब काढावा लागतो. तो राहिला की 'नवी लेन्सही खराब निघाली.' आणि पिकअपवरचा बारीक स्क्रू कोणाला फिरवू देऊ नका. लेझरचा प्रवाह वाढून महिनाभर सगळं झकास चालतं, मग लेझर कायमचा जातो.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो आणि पावसाळ्यात कागद ओल धरून डिस्कला बाक येतो. पेन पाण्याच्या शाईचं, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. चिकट होणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांपेक्षा केकबॉक्स बरा.

मायनसच्या ३१ उरल्यात, त्या फोटोंच्या बॅकअपला जातील. प्लसचा केकबॉक्स गेल्या आठवड्यात संपला. तोच परत मागवलाय, आधी कोड विचारून. दुकानदाराला प्रश्न कळला नाही, म्हणून एकच सुटी डिस्क मागितली आणि ती लिहून बघितली.