लाझारस आठ महिने वापरल्यावर: आंब्याच्या पट्टीपासून ळ पर्यंत

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराला हिशेबाचा प्रोग्राम वेबवर नको असतो. वीज गेली की नेटही जातं, आणि ऐन एप्रिलात पेट्या गाडीत चढत असताना पान उघडायची वाट बघायला कुणाला वेळ नाही. चार डझनी किती, पाच डझनी किती, वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, हमाली आणि भाडं किती कापलं, एवढं एका खिडकीत दिसलं की झालं. असल्या कामासाठी लाझारस 4.0 हे पास्कल भाषेत खिडक्यांचे प्रोग्राम बनवायचं साधन आणि त्याच्यासोबत येणारा फ्री पास्कल 3.2.2 हा कंपाइलर आठ महिने रोज वापरात आहे. फुकट आहे, आणि त्यात केलेला प्रोग्राम सोर्स न देता विकायलाही परवान्याची आडकाठी नाही.

खिडकी बनवणं खरोखर सोपं. बटण, एडिट, ग्रिड ओढून फॉर्मवर टाका, एफ9 दाबा, चालू. जुनं व्हीबी6 किंवा डेल्फी हाताळलेल्याला दुसऱ्या दिवशी परकं काही वाटत नाही. त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. अडतं ते पुढे.

सगळ्यात जास्त फसवतो तो डेटाबेस. एसक्यूलाइट या एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेससाठी कनेक्शन, ट्रान्झॅक्शन (एकदम पक्के होणारे बदल), क्वेरी आणि डेटासोर्स असे चार घटक जोडावे लागतात. ग्रिडमध्ये नोंद दिसते, प्रोग्राम बंद करून उघडला की गायब. कारण ‘पोस्ट’ नोंद फक्त मेमरीतल्या बफरमध्ये ठेवतं. डेटाबेसकडे ती ‘अप्लायअपडेट्स’ने जाते आणि पक्की होते कमिटने. म्हणून क्वेरीच्या ‘आफ्टरपोस्ट’ आणि ‘आफ्टरडिलीट’ या दोन्ही ठिकाणी आधी अप्लायअपडेट्स, मग ‘कमिटरिटेनिंग’ लिहा. नुसतं कमिट लिहिलं तर क्वेरी बंद होते, ग्रिड कोरं दिसतं आणि गिऱ्हाईक घाबरून फोन करतं.

वीज जाण्याचा धाक असल्याने वॉल पद्धतीचं जर्नल (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिण्याची सोय) लावायला जाल, तर ट्रान्झॅक्शनच्या आत ते बदलता येत नाही अशी एरर येते. कनेक्शनवर कुठलीही आज्ञा चालवायच्या आधी लाझारस स्वतःहून ट्रान्झॅक्शन सुरू करतं, हे त्याचं कारण. उपाय थोडा गावठी आहे: ‘एक्झिक्यूटडायरेक्ट’ने आधी ‘एंड ट्रान्झॅक्शन’, मग जर्नल बदलणारी ‘प्राग्मा’ आज्ञा, मग ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’. चालतो मात्र चोख. डेटाबेसची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका, वॉल तिथे चालत नाही.

आता देवनागरी. लाझारसमधली स्ट्रिंग यूटीएफ-8 असते, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. ‘हापूस’ची लांबी ‘लेंग्थ’ 15 सांगतं, ‘यूटीएफ8लेंग्थ’ 5 सांगतं, डोळ्यांना अक्षरं दिसतात 3. नाव वीस अक्षरांत कापायला गेलात तर एखाद्या ठिकाणी काना-मात्रा तुटून ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ उमटणारच. अक्षरं मोजू नका, ‘टेक्स्टविड्थ’ने रुंदी मोजा आणि ओळ शब्दावर मोडा.

गावांच्या यादीत आणखी एक गोम आहे. एसक्यूलाइट क्रम लावतं तो युनिकोडच्या आकड्यांनी, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय. म्हणून मळगाव येतं मसुऱ्याच्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, तेव्हा मसुरे आधी हवं. इलाज असा: क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवा आणि त्यात ळ च्या जागी अवग्रह (ऽ) भरा. युनिकोडमध्ये अवग्रह ह च्या पुढे पण काना-मात्रांच्या आधी आहे, त्यामुळे क्रम बरोब्बर लागतो. क्ष आणि ज्ञ क आणि ज खालीच राहतात. ते कुणाला खटकलेलं नाही.

रकमेसाठी ‘डबल’ हा दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार वापरू नका. प्रोग्राममध्ये पैशांसाठीचा ‘करन्सी’ प्रकार, डेटाबेसात पैसे पूर्णांकात. ‘फॉरमॅटफ्लोट’ 1,234,567 असा स्वल्पविराम देतं. 12,34,567 साठी स्वतःचं दहाएक ओळींचं फंक्शन लिहावं लागतं. बिलाच्या 80 मिमी थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट बहुधा नसतोच, म्हणून नुसता मजकूर पाठवला की कचरा छापतो. ‘प्रिंटर4लाझारस’ पॅकेज जोडून विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत कॅनव्हासवर लिहा, मग अक्षर चित्र म्हणून उमटतं.

गिऱ्हाइकाला द्यायच्या वेळी एक्झी फाइल अवाढव्य दिसते, कारण आत डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी, माहिती असते. प्रोजेक्ट ऑप्शन्समध्ये डीबग आणि रिलीज असे दोन बिल्ड मोड करून रिलीजमध्ये ती माहिती काढून टाकणारं ‘स्ट्रिप’ लावा. फाइल चार-पाच एमबीच्या आसपास येते. क्रोमियम हा अख्खा ब्राउझर पोटात घेऊन येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या प्रोग्रामांपुढे हे म्हणजे काहीच नाही. दुकानातले जुने संगणक 32 बिटचे निघतात, तेव्हा 32 बिटचंच लाझारस बसवा आणि एसक्यूलाइटची डीएलएलही 32 बिटचीच एक्झीशेजारी ठेवा. 64 बिटची ठेवली तर फाइल समोर असूनही ‘डीएलएल लोड होत नाही’ असं म्हणतो, आणि त्यात अर्धा दिवस जातो.

बॅकअपबद्दल एवढंच: वॉल चालू असताना नुसती डीबी फाइल पेनड्राइव्हवर उचलू नका, शेजारच्या वॉल फाइलमध्ये ताज्या नोंदी अडकलेल्या असू शकतात. प्रोग्राममध्येच एक बटण द्या आणि त्यामागे डेटाबेसची पूर्ण प्रत वेगळ्या फाइलीत काढणारी ‘व्हॅक्यूम इन्टू’ आज्ञा चालवा. तीही ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, तेव्हा वरचीच गावठी युक्ती पुन्हा.