‘एस म्हणजे स्पेशल’: एका दस्त्यापायी गेलेले साडेसत्तावीस हजार

आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेली थ्री फिफ्टीन रायफल आहे. लायसन्स आधी आजोबांच्या, मग वडिलांच्या आणि आता माझ्या नावावर. जिंतूर तालुक्यात आमचं रान माळाला लागून. हरभऱ्यात रोही (नीलगायी) शिरतात, भुईमूग रानडुकरं उकरतात. पण गोळी घालायची तर वन विभागाची परवानगी लागते, त्यामुळे दसऱ्याला पूजा आणि निवडणुकीला पोलिस ठाणं, एवढाच त्या बंदुकीचा प्रवास. २०२४ च्या विधानसभेनंतर ती ठाण्यातून सोडवून आणताना मोटारसायकल घसरली. मला खरचटलं, आणि दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडाला, मानेजवळ बोटभर चीर गेली.

चीर जोडता आली असती. पण मला हौस. ली-एनफिल्ड या इंग्रजांच्या जुन्या लष्करी रायफलीला नवं लाकूड चढवून चकचकीत करणाऱ्या परदेशी लोकांचे व्हिडिओ मी रात्र रात्र बघत होतो. आपली थ्री फिफ्टीन त्याच खानदानातली. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, घडण तीच, फक्त नळीचं माप वेगळं. पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिली ती थ्री नॉट थ्री सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, म्हणून आपल्याकडे लायसन्सवर ही निराळ्या मापाची मिळते. एवढं वाचून मला वाटलं, आपण जाणकार झालो. फसायला एवढं जाणकार असणं पुरतं.

‘मिलिटरी सरप्लस, ओरिजिनल अक्रोड’ अशी दस्त्याची जाहिरात दिसली. फोन केला. पलीकडचा स्वतःला रिटायर्ड मेजर म्हणवत होता. मी न मागताच त्यानं ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवला. (न मागता ओळखपत्र दाखवणाऱ्याला आपण बसमध्येसुद्धा शेजारी बसू देत नाही, पण तेव्हा ऊर भरून आला.) बोलणं अदबीचं, हिंदीत मध्येच एखादं मराठी वाक्य. फोटोत दस्त्यावर इंग्रजी ‘एस’चा छाप होता. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “एस म्हणजे स्पेशल. कमांडो लॉटमधला आहे, सर.” किंमत साडेनऊ हजार. चार हजार आधी, उरलेले कुरिअरवाल्याच्या हातात.

पार्सल आलं. वर लिहिलेलं ‘क्रीडा साहित्य’. उघडलं तर आधी वास आला तो चेरी पॉलिशचा, बुटाच्या. रंग झकास तांबूस. ‘इशापूर १९४४’ असे आकडे ठोकलेले, पण पॉलिश त्या आकड्यांच्या खाचेत उतरलेलंच नव्हतं. खाचेत पांढरं लाकूड दिसत होतं. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीचा छाप पॉलिशनंतर मारलेला! हे मला त्या दिवशी दिसलं नाही. मी फोटो काढून मेव्हण्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सुतारमामांना कौतुकानं दाखवायला गेलो. त्यांनी नखानं खालची कड खरवडली.

“भाऊ, हे तं बाभळीचं हाय. वखराच्या दिंडाला आपण घालतो तेच.”

मग त्यांनी मागच्या टोकाच्या भोकात काडी घातली. काडी चार बोटं आत जाऊन अडली. ह्या जातीच्या रायफलीत बट, म्हणजे हाच दस्ता, एका लांब बोल्टानं धरलेला असतो. तो मागून थेट आरपार पुढं जातो. आरपार भोक नसेल तर दस्ता बसणारच नाही. बनवणाऱ्यानं फक्त फोटोत दिसेल एवढंच कोरलं होतं.

मी तिथूनच ‘मेजर’ला फोन लावला, शिव्या घातल्या, तक्रार करतो म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “करा ना.”

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागं पोलिसांचं बोधचिन्ह. माझं नाव, पत्ता, पार्सलची तारीख, सगळं त्याला पाठ. म्हणाला, तुम्ही विनापरवाना शस्त्राचा भाग मागवला, आर्म्स ॲक्ट लागणार, लायसन्स रद्द, बंदूक जप्त. मी फोन बाजूला धरून शोधलं, तर १९५९ च्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात सुटे भागही येतात असं खरंच लिहिलेलं. त्याच्या बोलण्यातली तेवढी एक गोष्ट खरी निघाली आणि माझे पाय लटपटले. मी तक्रारीची धमकी दिली हे मेजर आणि सुतारमामांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, हे डोक्यातच आलं नाही. ‘मिटवायचे’ पस्तीस हजार मागितले. मी अठरा हजार पाठवले. बाकीचे जमवायला बायकोकडे तिचा भिशीचा पैसा मागितला, तेव्हा तिनं विचारलं, “पोलिस कधीपासून गूगल पे घ्यायला लागले?”

तरीही मी नऊ दिवस गप्प बसलो. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण तक्रार करायला गेलो तर आपणच आत जाऊ ही भीती जास्त होती. शेवटी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि ठाण्यातही गेलो. फौजदारांनी लायसन्स पाहिलं, ते बाभळीचं लाकूड पाहिलं. म्हणाले, “हे शस्त्र आहे का? ह्यानं कपडे धोपटता येतील. लायसन्स असून भ्यालात कशाला?” पहिल्या तासाभरात फोन केला असता तर रक्कम मध्येच गोठवता आली असती. नऊ दिवसांत ती तीन खात्यांतून फिरून निघून गेली होती.

बंदूक नंतर संभाजीनगरच्या एका परवानाधारक दुकानात नेली. शस्त्र विकायला जसा परवाना लागतो तसा दुरुस्त करायलाही लागतो, त्यामुळे सुतारमामांकडूनही ते काम करून घेणं चूकच ठरलं असतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं लायसन्स नोंदवून घेतलं, चिरेवर अंगठा दाबला. आत पितळी पिन आणि वर डिंक, नऊशे रुपये. नवा दस्ता लागतच नव्हता.

पिशवीतलं ते बाभळीचं प्रकरण त्यांना दाखवलं. ‘एस’ बघून ते हसायला लागले.

“स्पेशल कसलं? एस म्हणजे शॉर्ट. आखूड हाताच्या शिपायासाठी बट आखूड करायचे, त्याची खूण.” मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, “तुम्ही सहा फुटांना टेकलेले. अहो, हा खरा असता तरी तुम्हाला बसला नसता.”